पन्नास घरं, तीन रकाने

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखिका गेली एकोणीस वर्षे दर रविवारी दुपारी झोपलेल्या माणसांना समाजशास्त्र शिकवीत आहे. सदर झोपेबाबत झोपणाऱ्यांची तक्रार नाही, जागणाऱ्यांची नाही आणि लेखिकेची तर मुळीच नाही. कोणाची हरकत असल्यास त्यांनी रविवारी दुपारी दोन वाजता अंधेरीच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर, पहिली 'ब'च्या वर्गात समक्ष येऊन ती नोंदवावी. येताना उशी आणावी.

झालं निवेदन. आता खुर्ची जरा पुढे ओढा.

दूरशिक्षण म्हटलं की लोकांना वाटतं, पोस्टाने पुस्तकं येतात, माणूस ती उशाखाली ठेवतो आणि तीन वर्षांनी पदवी घेऊन उठतो. यातलं पुस्तकांचं खरं आहे. तपकिरी पुडक्यात येतात, दोन महिने उशिरा येतात आणि पहिल्या पुडक्यात हमखास दुसऱ्या वर्षाची येतात. पण विद्यापीठ कितीही दूर असलं तरी त्याची एक फांदी जवळपास कुठेतरी लोंबत असते, तिला अभ्यासकेंद्र म्हणतात. आमचं केंद्र म्हणजे रविवारपुरती उसनी मिळालेली प्राथमिक शाळा. तिथे शिकवणाऱ्याला शिक्षक म्हणत नाहीत, समुपदेशक म्हणतात. या नावामुळे माझ्या सासूबाईंची बरीच वर्षं समजूत होती की मी नवरा-बायकोची भांडणं सोडवते. शेजारपाजारच्या दोन जोडप्यांना त्यांनी माझ्याकडे पाठवलंही होतं. त्यातलं एक अजून एकत्र आहे.

सोमवार ते शनिवार मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात असते. रविवारी सकाळी चारकोपच्या घरी बुद्धवंदना, मग पोहे, मग बस, आणि दोनच्या ठोक्याला मी पहिली 'ब'मध्ये. माझे विद्यार्थी त्याआधीच येऊन बसलेले असतात. बसलेले म्हणजे दुमडलेले. सहा वर्षांच्या पोरांची बाकं ती. मोठ्या माणसांचे गुडघे हनुवटीला टेकतात. डोक्यावर 'क कमळाचा'चा तक्ता, बाजूला कागदाची सुसर, आणि तिच्याखाली एक हेडकॉन्स्टेबल, एक परिचारिका, दोन अंगणवाडी सेविका, एक लिफ्टमन. हजेरी सक्तीची नाही. आठवड्यातली एकुलती एक सुट्टी ही माणसं आपणहून माझ्यापुढे आणून ठेवतात. आणि मग पावणेतीनला झोपतात.

पावणेतीन हा त्या वर्गाचा जादूचा क्षण. खिडकीला लावलेल्या जुन्या साड्यांचे पडदे फुगतात, पंखा कुरकुरतो, खालच्या मैदानातला क्रिकेटचा आरडाओरडा जणू पाण्याखालून येऊ लागतो. आणि एकेक मान फुलासारखी कलते. सुरुवातीला मी खडू आपटायचे, रागवायचे. मग एका रविवारी गावडे झोपले.

महादेव गावडे मालाडच्या एका टॉवरचे रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, मूळचे मालवणचे. पाठ ताठ ठेवून झोपण्याची त्यांची कला पाहण्यासारखी होती. मी वर्गाला विचारलं, "भूमिका-संघर्ष म्हणजे काय? एकाच माणसावर एकाच वेळी दोन भूमिका येऊन पडल्या तर?" गावडे झोपेतच उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "गेट बंद आसा, सायबानू. कोणाक सोडूचंय नाय."

वर्ग खदाखदा हसला. मी मात्र थक्क झाले. शरीर विद्यार्थ्याचं आणि स्वप्न पहारेकऱ्याचं! याहून चांगलं उदाहरण पुस्तकात नव्हतं. त्या दिवसापासून मी कुणाला उठवलं नाही. उलट वर्गाने एक रीत पाडली, ती अजून चालू आहे. जो जागा असेल त्याने आपल्या वहीत कार्बन कागद घालायचा आणि खालची निळी प्रत शेजारच्या झोपलेल्याच्या खिशात सरकवायची. आता फोनवर फोटो पाठवता येतो, पण फोटो कोणी उघडत नाही. निळी बोटं मात्र घरापर्यंत जातात. आमच्या नाक्यावरचा स्टेशनरीवाला मला लांबून बघितलं की सगळ्यात खालचा खण उघडतो. कार्बन घेणारं गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक मी एकटीच उरले आहे.

या निद्रिस्त दरबारात एक बाई कधीच झोपली नाही. तिचीच ही गोष्ट.

हेमलता खारदांड्याच्या कोळीवाड्यातली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून खारच्या बाजारात मासळी विकते. मासळीवाल्यांना रविवार म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको. त्या दिवशी सगळं उपनगर सुरमई मागत असतं. ती ऐन गर्दीत एक वाजता आपली पाटी शेजारच्या द्रौपदीच्या हवाली करायची, हात लिंबाने चोळायची आणि पहिल्या बाकावर येऊन बसायची. हेमलता आणि द्रौपदी तीस वर्षांच्या मैत्रिणी, मांडीला मांडी लावून बसणाऱ्या.

पहिल्या दिवशी मी तिला हेमलताताई म्हटलं. ती म्हणाली, "हेमलता बोला, मॅडम. ताई बोललात की वाटतं, आता काहीतरी स्वस्त मागणार."

(तिची घरची बोली मला लिहिता येत नाही. एकदा वर्गात नक्कल केली तर ती एवढी हसली की झोपलेले जागे झाले. तेव्हा इथे ती माझ्याशी बोलायची तसंच लिहिते.)

मी नव्या विद्यार्थ्यांना विचारते, समाजशास्त्रच का? उत्तरं ठरलेली. सोपं आहे म्हणाले, प्रमोशन आहे, गणित नाही. हेमलता म्हणाली, "मी एक खोटं बोलले होते. ते छापलं. ते दुरुस्त करायचंय."

झालं होतं ते असं. तिच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत दांड्यात पाहणीवाले आले होते. फळी, फळीवर फॉर्म, फॉर्मला पेन्सिल. तिला विचारलं, घरात निर्णय कोण घेतं? सासरे दारातच जाळं दुरुस्त करत बसले होते, आणि पाटीतलं बर्फ वितळत होतं. ती म्हणाली, सासरे. प्रश्न संपला, पाहणीवाले गेले. पुढे बऱ्याच वर्षांनी बायकांच्या एका सभेत कुण्या शिकलेल्या मुलीने तो अहवाल वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की या वस्तीत घरच्या निर्णयात स्त्रियांना स्थान नाही.

"मॅडम, सभेतल्या सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आमच्या घरात सासू बोलल्याशिवाय होडी पाण्यात जात नव्हती. मला कळलं, आपण सगळ्यांनीच तेव्हा थाप मारली. लवकर सुटायला. आणि त्याचं पुस्तक झालं."

"मग तिथेच उभं राहून सांगायचं ना."

"सांगितलं. ती मुलगी बोलली, तसं नाय चालत, त्यासाठी संशोधन लागतं. बोलले, लागतं तर करू."

दहावी अर्धवट सुटलेली. आधी प्रवेशपरीक्षा दिली, मग बी.ए. धरलं. इंग्रजीत दोनदा नापास झाली. आमच्याकडे नाव नोंदवल्यापासून ठरावीक वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते, नाहीतर नाव गळतं आणि पुन्हा पहिल्या पुडक्यापासून सुरुवात. हेमलताचं ते शेवटचं वर्ष होतं. सगळे विषय सुटले होते. एक प्रकल्प राहिला होता, आणि विषय अर्थातच ठरलेला. आपल्या वस्तीतल्या पन्नास कुटुंबांत निर्णय कोण घेतं?

आता इथे मला स्वतःचा एक गुन्हा कबूल करायचा आहे.

मला नाटकाची हौस. ओढणीचा फेटा करून मी कधी जमीनदार होते, कधी सासू, कधी नोकरशाही. त्या वर्षी संशोधनपद्धती शिकवताना मी चक्क टेबलावर चढले आणि सुसरीच्या साक्षीने हात फैलावून गर्जना केली, "पुस्तक लिहिणारा बाहेरचा! तुम्ही आतले! तुम्हाला जे माहीत आहे ते कुठल्याही पुस्तकाला माहीत नाही!" गावडे जागे झाले, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा झोपले. मी खूश होऊन खाली उतरले. हेमलताने ते वाक्य वहीत उतरवून त्याखाली दोन रेघा मारल्या. त्या रेघा मी पाहिल्या होत्या. मला वाटलं, कौतुकाच्या आहेत.

प्रकल्पाचंही जरा सांगते. पन्नास घरी जायचं, छापील प्रश्नावली भरायची, कोष्टकं करायची, निष्कर्ष लिहायचे. मार्गदर्शक सही करतो की हे काम विद्यार्थ्याने स्वतः केलं. मग बाहेरगावचे परीक्षक येतात, तोंडी परीक्षा घेतात. कागदावर हे असं आहे. प्रत्यक्षात झेरॉक्सच्या कुठल्याही दुकानात तयार प्रकल्प मिळतात, फक्त नाव आणि गाव बदलायचं. अशा फायली मला वासाने ओळखू येतात. तरी कितींवर मी सही केली आहे. कोणाची आई इस्पितळात, कोणाची नोकरी जायला टेकलेली, कोण रडवेलं. त्या सह्या मला अधूनमधून आठवतात. एका फायलीत तर मुलुंडच्या वस्तीत उसाची लागवड होती. मी सही केली.

हेमलताची फाईल आली तेव्हा मात्र मन प्रसन्न झालं. पन्नास फॉर्म, कडक, स्वच्छ, कोपऱ्यावर एखाददुसरा खवला चमकत होता. वर्ग झोपलेला होता, पडदे फुगले होते, आणि मी टेबलाशी बसून एकेक फॉर्म अर्धवट गुंगीत उलटत होते. पहिल्या घरात निर्णय कोण घेतं? बायको. दुसऱ्या घरात? बायको. तिसऱ्या घरात? बायको. दहाव्या, विसाव्या, तिसाव्या... पन्नासाव्या घरापर्यंत पोचले तेव्हा माझी गुंगी उतरली होती.

मी तिला हळूच बोलावलं. "हेमलता, हा चौथा फॉर्म कोणाचा?"

"पारूचा."

"पारू काय म्हणाली?"

"बोलली, नवरा."

"मग इथे बायको कसं?"

"नवरा तिथेच बसला होता ना, मॅडम! त्याच्यासमोर ती काय बोलणार? पण मला माहीत आहे. त्या घरात पारूचंच चालतं. म्हणून खरं ते लिहिलं."

"आणि हा सातवा?"

"तिची सासू आत होती. ती पण घाबरून बोलली. मी दुरुस्त केलं."

"किती जणींचं दुरुस्त केलंस?"

तिने बोटं मोजली नाहीत. "लागलं तितक्यांचं."

विसरू नका, ही लबाडी नव्हती. लबाड माणूस घरी बसून फॉर्म भरतो. ही बाई पन्नास घरांत फिरली होती, सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं, आणि मग आतल्या माणसाच्या हक्काने सगळ्यांना खोडून काढलं होतं. बाहेरच्याला ही चूक करताच आली नसती. पण विद्यापीठाच्या भाषेत तिचं नाव फेरफार. परीक्षकाने एक प्रश्न विचारला असता आणि हेमलताने नेहमीसारखं खरं सांगितलं असतं की संपलं. प्रकल्प रद्द, नाव गळालं, पदवी गेली.

मी समजावू लागले तशी तिच्या नाकपुड्या फुगल्या. "म्हणजे मी खोटं लिहिलं, असं बोलताय?"

"तू तुझं उत्तर लिहिलंस, तिचं नाही."

"तुम्हीच टेबलावर चढून बोललात! तुम्हाला माहीत आहे ते पुस्तकाला माहीत नाय! रेघ मारून ठेवलंय मी."

"ते नाटक होतं गं."

"तिकीट लावायचं मग! आम्हाला काय कळणार, कुठलं नाटक आणि कुठला अभ्यास?"

मागच्या बाकावर कोणीतरी कूस बदलली. सही करून टाकावी, असं एकदा मनात आलं. उसाला केली, हिला का नको? हिचं तर बहुतेक खरंच असेल. पण तेव्हा लक्षात आलं की त्या जुन्या पाहणीत सगळ्या म्हणाल्या सासरे आणि आता सगळ्या बायको. तिथेही सगळ्या घरांना एकच तोंड आणि इथेही एकच. हेमलता ज्या अहवालाशी भांडायला निघाली होती, तसाच एक तिने उलटा लिहून आणला होता.

मी हे तिला सांगितलं. ती फॉर्मची थप्पी सरळ करू लागली. मग म्हणाली, "पण नुसतं त्या बोलल्या ते लिहिलं तर परत तेच खोटं छापलं जाईल. मग मी सहा वर्षं काय केलं?"

हा प्रश्न इतका रास्त होता की मी समोरचा कोरा कागद घेऊन त्यावर रेघा मारत बसले. उभ्या दोन रेघा मारल्या तर तीन रकाने झाले. पहिल्यावर लिहिलं, 'म्हणाली'. दुसऱ्यावर, 'दिसलं'. तिसऱ्यावर, 'मला माहीत'.

"तिन्ही लिही," मी म्हटलं. "एकमेकांत मिसळू नकोस."

"पन्नास घरं परत?"

"परत."

"फाईल द्यायला आठच दिवस राहिलेत, तेवढ्यात? बायका बोलतील, पहिल्या टायमाला काय झोपली होतीस?"

"सांग, आमच्या वर्गात तीच पद्धत आहे."

ती हसली नाही. पण कागद घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला.

तिला एकटीला पाठवायची माझी हिंमत होईना, म्हणून पहिल्या दिवशी रजा टाकून मीही दांड्यात गेले. अकराचं ऊन, ओहोटी, ओल्या वाळूत कलंडलेल्या होड्या. बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील टांगलेले, वाऱ्यावर एकदम हलायचे, जणू सगळे मिळून कशाला तरी होकार देताहेत. त्या वासात आणि उजेडात मला क्षणभर वाटलं, मीच पहिली 'ब'मध्ये मान कलवून झोपले आहे आणि हे कोणीतरी माझ्या खिशात सरकवलेलं स्वप्न आहे.

पारूने आम्हाला ओट्यावर बसवलं. नवरा बाजूला खाटेवर, अंगावर बनियन, हातात फोन.

"परत आलीस? काय हरवलं?" पारू म्हणाली.

"अक्कल," हेमलता म्हणाली. "बोल पटकन. घरात निर्णय कोण घेतं?"

"सांगितलं ना गं एकदा. हे घेतात."

खाटेवरच्या गृहस्थांनी गंभीरपणे मान डोलावली. हेमलताने ओठ घट्ट मिटून पहिल्या रकान्यात लिहिलं, 'नवरा'. तिला किती यातना होत होत्या ते पेन्सिलीच्या आवाजावरून कळत होतं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. बर्फवाला असावा, किती लाद्या टाकू म्हणून विचारत होता. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि एक अक्षर न बोलता फोन पारूच्या कानाला लावला. पारू म्हणाली, "चार." फोन परत नवऱ्याच्या कानाला गेला. तो भारदस्त आवाजात म्हणाला, "चार टाक."

हेमलताने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने शांतपणे दुसऱ्या रकान्यात ते जसंच्या तसं उतरवलं. तिथून उठताना ती म्हणाली, "मॅडम, आता तुम्ही नाय आलात तरी चालेल. घरी जा. मला जमेल."

मी घरी गेले.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा पहिला बाक रिकामा असूनही मागे बसली. वर्ग नेहमीप्रमाणे पेंगुळला. मी शिकवणं थांबवून तिच्याजवळ जाऊन, दुमडून बसले. एकोणपन्नास फॉर्म तिने पुढे सरकवले. एक धरून ठेवला.

"तेवीस नंबर," ती हळू आवाजात म्हणाली. "द्रौपदी."

"भेटली नाही?"

"भेटली. घरी कोणी नव्हतं. मी विचारलं, ती बोलली, नवरा. मी हसले. बोलले, अगं मी हेमा आहे, फॉर्मवाली नाय. ती बोलली, तुलाच सांगतेय. साडी कुठली नेसायची तेपण तो सांगतो. रविवारी तुझी पाटी सांभाळते, तीपण आदल्या रात्री त्याला विचारून. एकदा तो नाय बोलला होता, तेव्हा मला ताप आलाय असं तुला खोटंच सांगितलं."

पंखा कुरकुरत होता. गावडे शेजारीच ताठ बसून झोपले होते.

"तीस वर्षं, मॅडम. बाजारात तिच्यासारखी भांडखोर बाई नाय. गिऱ्हाईक थरथरतं. मला वाटायचं, घरी पण तशीच असणार. पहिल्या टायमाला मी तिला विचारलंच नव्हतं. तिच्या बाजूला बसून तिचा फॉर्म भरला. ती बर्फ फोडत होती, मी लिहीत होते. बायको."

मी हात पुढे केला, तेव्हा तिने तो फॉर्म दिला. तिने तिसऱ्या रकान्यात आधी लिहिलेलं 'बायको' एका रेघेने खोडलं होतं, पण खोडरबर लावलं नव्हतं. पुढे कोष्टकं केली तेव्हा कळलं, अशी आणखी पाच घरं निघाली. पन्नासात सहा. जी घरं तिला पाठ होती, त्यातली सहा तिला माहीत नव्हती. उरलेल्यांपैकी बऱ्याच ठिकाणी पहिला आणि दुसरा रकाना पारूच्या फॉर्मसारखेच एकमेकांशी भांडत होते. मी त्या फाईलवर सही केली, आणि एकोणीस वर्षांतली ती एकच सही मला माझी वाटते.

तोंडी परीक्षा त्याच वर्गात झाली. परीक्षक सर लांबून आलेले, थर्मास बाळगणारे, शुद्ध बोलणारे, स्वभावाने कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांच्यासाठी शिपायाने मोठी खुर्ची आणली होती. हेमलता लहान बाकावर, इस्त्रीची नऊवारी, केसांत अबोली. मार्गदर्शक म्हणून मला बाजूला बसायची परवानगी, बोलायची नाही. माझ्यासारखीला ही केवढी शिक्षा!

सरांनी फाईल उघडली. बराच वेळ पानं उलटली.

"विहित नमुन्यात उत्तरासाठी एकच रकाना आहे."

"हो, सर."

"आपण तीन केलेत."

"एकात मावत नव्हतं, सर."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी सुसरीकडे पाहिलं.

"तीन रकान्यांत तीन वेगळी उत्तरं असतील तर वाचणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा?"

"तिन्हींवर थोडा थोडा. आणि माझ्यावर सगळ्यात कमी. सहा ठिकाणी मी चुकले, ते शेवटच्या पानावर लिहिलंय."

पुन्हा पानं उलटली. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. तेवीस नंबर.

"इथे आपण एक उत्तर लिहून खोडलंय. दुसऱ्या रकान्यात काहीच नाही. या घराची सविस्तर माहिती सांगा."

बाहेर मैदानात कोणीतरी आउट झाल्याचा गलका उठला आणि विरला. सहा वर्षं त्या एका उत्तरापाशी येऊन थांबली होती. मी डोळ्यांनी तिला खुणावत होते, सांग गं, नाव नको घेऊस, थोडं सांग.

"ते मी सांगणार नाय, सर," ती म्हणाली. "ती मला बोलली, विद्यापीठाला नाय. कागदावर आकडा आहे, तेवढा तुमचा."

सरांनी पेन खाली ठेवलं. थर्मासमधून चहा ओतला, सावकाश प्याले. त्या वेळात मी मनातल्या मनात पहिल्या पुडक्यापासून पुन्हा सुरुवात केली होती, इंग्रजीत पुन्हा दोनदा नापास झाले होते. मग त्यांनी पेन उचललं, गुणपत्रकावर काहीतरी लिहिलं, आणि कागद मला सहीसाठी सरकवला. मी आकडा उलटा वाचला, मग सुलटा वाचला. हेमलता पास झाली होती, आणि नुसती पास नाही, त्या दिवशीच्या सगळ्यांत वर.

"प्रतिसादकाची गोपनीयता," सर खोल आवाजात म्हणाले, "हे आमच्या एम.ए.च्या मुलांनाही समजत नाही. उत्तम." आणि मग, तोंडी परीक्षेच्या शेवटी सगळेच परीक्षक म्हणतात तसं म्हणाले, "आपल्याला मला काही विचारायचंय?"

या प्रश्नाला उत्तर असतं, नाही सर, धन्यवाद सर. तसं मी तिच्याकडून चार वेळा घोकून घेतलं होतं.

"सर," हेमलता म्हणाली, "तुमच्या घरात निर्णय कोण घेतं?"

मी डोळे मिटले. सर खुर्चीत ताठ झाले, खाकरले, चष्मा नीट केला.

"आमच्याकडे आम्ही दोघं मिळून, संपूर्ण समानतेने घेतो."

हेमलताने मनापासून मान हलवली, कानामागची पेन्सिल काढली आणि मोठ्याने म्हणाली, "हे आपण 'म्हणाले'मध्ये घालू हं, सर!"